झटपट उतरणारा एक्झॉस्ट: जोडांविषयी वाचकांचे प्रश्न

एक्झॉस्टचे पाइप, फ्लँज (पाइपाच्या टोकाला वेल्ड केलेली जोडाची जाड चकती) आणि क्लँप (भोवती आवळायचा पट्टा) यांविषयी आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, कारण पुढच्या बऱ्याच अडचणींचं मूळ तिथेच सापडतं.

प्रश्न: माझ्या गाडीचं इंजिन पुढे आहे आणि ताकद मागच्या चाकांना जाते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपासून शेपटापर्यंत ६३.५ मिमीचा ३०४ स्टेनलेसचा नवा पाइप बनवतो आहे. गिअरबॉक्स वरचेवर उतरवावा लागतो, म्हणून गाडी घोड्यांवर (उचललेली गाडी पेलणाऱ्या स्टँडवर) असताना एकट्याने पंधरा-वीस मिनिटांत एक्झॉस्ट खाली आला पाहिजे. दोन बोल्टांचा फ्लँज घ्यावा, तीन बोल्टांचा, की व्ही-बँड (उतरत्या काठांचे दोन फ्लँज व्ही-आकाराच्या एकाच क्लँपने आवळणारा जोड)?

उत्तर: फ्लँज निवडण्याआधी पाइप कुठे तोडायचा ते ठरवा. चुकीच्या जागी लावलेला महागडा व्ही-बँड हा योग्य जागी लावलेल्या साध्या तीन बोल्टांच्या फ्लँजपेक्षा जास्त वेळ खातो. गाडीखाली उताणं पडा, गोटी (सॉकेट पाना) आणि एक्स्टेन्शन हातात घ्या आणि पाना कुठपर्यंत सरळ पोचतो ते बघा. जिथे पाना अर्धाच फिरतो तिथे जोड नको. तुमच्या गाडीत दोन मुख्य जोड पुरतील: एक कन्व्हर्टरच्या मागे, गिअरबॉक्सच्या आडव्या पट्टीच्या अलीकडे, आणि दुसरा मागच्या ॲक्सलच्या आधी. ॲक्सलवरून वळसा घेणारा तुकडा वेगळा असलाच पाहिजे. तो पुढच्या पाइपाला सलग ठेवलात, तर गाडीचा मागचा भाग दर वेळी खूप उंच उचलावा लागेल. मधला तुकडा सव्वा मीटरच्या आत ठेवा. त्याहून लांब पाइप उताण्या माणसाला एका हाताने पेलत नाही आणि दुसऱ्या हाताने नट लावता येत नाही.

प्रत्येक जोडापासून १५०-२०० मिमीच्या आत हँगर (पाइप गाडीच्या तळाला रबरावर टांगणारी सळई) हवा. जोडाचं काम फक्त सील करणं. पाइपाचं वजन हँगरने घ्यायचं. वजन फ्लँजवर आलं की वरच्या कडेला फट पडते, गॅस्केट (दोन फ्लँजमधली सील करणारी चकती) तिथून जळायला लागतं आणि उतरवताना शेवटचा बोल्ट आट्यांत तिरका अडकतो. नीट बसलं आहे का ते तपासायची पद्धत सोपी आहे. सगळे तुकडे हँगरवर टांगा, क्लँप किंवा बोल्ट लावू नका. फ्लँजचे चेहरे (एकमेकांना टेकणाऱ्या बाजू) बोटांच्या जोराने समोरासमोर येऊन सपाट टेकले पाहिजेत. खांदा लावून ढकलावं लागत असेल, तर वेल्डिंग कापून पुन्हा जुळवा. तो ताण बोल्टाने ओढून घ्यायचा विचार करू नका.

आता फ्लँज. दोन बोल्टांचा फ्लँज अरुंद जागेत बसतो, हा त्याचा एकच मोठा गुण. बोल्ट दोन टोकांना असल्यामुळे घट्ट करताना टोकं जवळ येतात आणि मधला भाग धनुष्यासारखा फुगतो. गळती नेहमी लांब बाजूच्या मध्यावर, बोल्टांपासून सर्वांत दूर सुरू होते. उतरवलेल्या फ्लँजवर तिथे काजळीचा पंखा उमटलेला दिसेल: आतल्या कडेला अरुंद, बाहेर रुंद. पत्रा ६ मिमीचा असेल तर दोन-चार वेळा तापल्यावर हे होणारच. वापरायचाच असेल तर १० मिमी जाडीचा घ्या आणि मफलरच्या मागे, थंड टोकाला लावा.

तीन बोल्ट एक प्रतल ठरवतात, त्यामुळे दाब सगळीकडे सारखा पडतो. पृष्ठभाग थोडा वाकडा असला तरी गॅस्केट सांभाळून घेतं. बोल्ट तुटला तर ठोकून काढून नवा टाकता येतो, मात्र भोकं आरपार हवीत. फ्लँजमध्येच आटे पाडले असतील, तर पहिल्याच गंजलेल्या बोल्टाला ड्रिल काढावं लागेल. या फ्लँजची अडचण वेळेची आहे. तीन नट, प्रत्येकाला मागून दुसरा पाना, आणि नवं गॅस्केट. मागची बोल्टाची डोकी छोट्या टाक्यांनी फ्लँजला जोडून टाकली तर दुसरा पाना लागत नाही, पण मग आरपार भोकाचा फायदा गेला. आमची पसंती: डोक्याच्या एका सपाट बाजूला लागून फ्लँजवर एक छोटी पट्टी वेल्ड करा. बोल्ट फिरत नाही आणि हवा तेव्हा निघतोही.

व्ही-बँडला एकच नट. गॅस्केट नाही. शिवाय पाइप स्वतःभोवती हव्या त्या कोनात फिरवून कसता येतो. तीन बोल्टांचा फ्लँज दर १२० अंशांनीच जुळतो. तुमच्या गरजेला दोन्ही मुख्य जोडांवर व्ही-बँडच योग्य. मात्र तो घेताना नर-मादी खाच असलेलाच घ्या. एका फ्लँजवर उंचवटा आणि दुसऱ्यात खाच असते, ती दोघांना एका मध्यावर आणते. नुसते सपाट चेहरे असलेले स्वस्त जोड कसताना आडवे सरकतात. मग आतल्या भोकाला पायरी पडते आणि एका बाजूला क्लँप फ्लँजच्या काठावरच चढतो.

या खाचेमुळे आणखी एक गोष्ट होते आणि ती फार जण विसरतात. मधला तुकडा खाली काढायला जोड आधी लांबीच्या दिशेने ३-४ मिमी उघडावा लागतो. पुढचा पाइप इंजिनला पक्का, मागचा हँगरला ताणून बसवलेला, अशी स्थिती असेल तर दोन्ही क्लँप काढूनही मधला तुकडा हलत नाही. म्हणून मागच्या हँगरच्या सळया १५-२० मिमी जास्त लांब ठेवा, म्हणजे शेपटाचा भाग रबरांवर मागे सरकवता येईल. हीच सोय गाडी तापल्यावरही उपयोगी पडते. २ मीटरचा ३०४ पाइप सरासरी ३०० अंशांनी तापला की सुमारे १० मिमी लांबतो. साध्या पोलादाचा तेवढाच पाइप सुमारे ८ मिमी. ही वाढ मागे सरकायला जागा नसेल, तर ती जोडांवर आणि वेल्डवर येते.

क्लँपला जागा किती लागते तेही आधी मोजा. ६३.५ मिमी पाइपावर तो भोवताली साधारण १५ मिमी बाहेर येतो आणि बोल्टाच्या बाजूला त्याहून बराच जास्त. बोल्ट सर्वांत खाली लोंबता नको, दगड लागतो. इंधनाच्या किंवा ब्रेकच्या नळीकडेही नको. बाजूला, किंचित खाली झुकलेला, गोटी सरळ पोचेल असा ठेवा. सगळं जुळलं की दोन्ही फ्लँज आणि क्लँप यांवर आडवी एक रेघ कोरून ठेवा. पुढच्या वेळी त्या रेघा जुळवल्या की मफलर गाडीच्या तळाला घासत नाही.

कन्व्हर्टर आणि मॅनिफोल्ड (इंजिनला लागून असलेला, सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग) यांच्यातला जोड आहे तसा तीन बोल्टांचाच राहू द्या. तो गिअरबॉक्ससाठी उघडावा लागत नाही. शेपटाला साधा सरकता जोड (एक पाइप दुसऱ्यात जाणारा) आणि रुंद पट्टीचा क्लँप पुरेसा आहे.

प्रश्न: व्ही-बँडचे फ्लँज स्वतः वेल्ड केले. क्लँप पूर्ण आवळला तरी फुसफुस आवाज येतो. आणखी आवळू का?

उत्तर: नको. आधी क्लँपची दोन टोकं बघा. ती एकमेकांना टेकली असतील, तर तुम्ही आवळता आहात ते टोकांना, फ्लँजला नाही. बहुधा क्लँप एका संचातला आणि फ्लँज दुसऱ्यातले आहेत. उताराचा कोन आणि काठाची जाडी संचागणिक बदलते. कसल्यावर टोकांमध्ये काही मिलिमीटर फट उरलीच पाहिजे.

टोकांत फट असेल, तर दोष चेहऱ्यात आहे. फ्लँज पातळ असतो आणि वेल्ड थंड होताना आकसतो, त्याने चेहरा बशीसारखा होतो किंवा दोन ठिकाणी उचलला जातो. जाड काचेवर १२० नंबरचा एमरी पेपर पसरा आणि फ्लँज त्यावर आठाच्या आकड्यात दहा-बारा वेळा फिरवा. जिथे चमक आली ती उंच जागा, जिथे काळं राहिलं ती खोल. खोली ०.१ मिमीच्या आत असेल तर एमरीवरच घासून निघेल, शेवटचा हात २४० नंबरचा द्या. ०.३ मिमीच्या पुढे असेल तर लेथवर चेहरा घ्या किंवा फ्लँज बदला. नर-मादी जोडात घासताना उंचवट्याची उंचीही कमी होते, हे लक्षात असू द्या. उंचवटा खाचेच्या तळाला टेकत असेल, तर बाहेरचे चेहरे कधीच भेटणार नाहीत. तेही मापून बघा.

पुन्हा वेल्ड करताना दोन्ही फ्लँज क्लँपमध्ये कसलेले ठेवा आणि चिकटवल्यासारखे एकत्रच वेल्ड करा. चार टाके समोरासमोर मारा, मग पाऊण-एक इंचाचे तुकडे एकाआड एक बाजूने. एका जागी सलग फिरत राहिलात की फ्लँज वाकतो. हात लावता येईल इतका गार झाल्याशिवाय क्लँप उघडू नका. क्लँपच्या आट्यांवर उडालेल्या ठिणग्या बसतात, म्हणून बोल्टावर ओलं फडकं गुंडाळा किंवा वेल्डिंगसाठी जुना क्लँप ठेवा. ३०४ ला टिग वेल्डिंग करताना पाइपाच्या आतून आर्गॉन सोडा. नाहीतर आतल्या बाजूला काळे खडबडीत दाणे येतात आणि वेल्ड तिथूनच तडकतो.

बसवताना एकदाच कचकन आवळू नका. अर्धं आवळा, रबरी किंवा प्लॅस्टिकच्या हातोड्याने क्लँपवर गोल फिरत टकटक ठोका, पुन्हा आवळा. ठोकल्यावर नट जवळजवळ दर वेळी थोडा आणखी फिरतो. घर्षणामुळे क्लँपचा बोल्टापासून दूरचा भाग मागे राहिलेला असतो, तो ठोक्यांनी बसतो. शेवटचा टॉर्क क्लँप बनवणाऱ्याने दिलेला पाळा. बोल्ट बारीक असतो आणि अंदाजाने ओढला तर टी-आकाराचं टोक पट्टीतून उपटून येतं.

प्रश्न: स्टेनलेसचे बोल्ट आणि स्टेनलेसचेच नट लावले, गंज नको म्हणून. आता अर्ध्यावर येऊन नट जाम होतात आणि बोल्ट पिळून तुटतो. गंज तर दिसत नाही.

उत्तर: हा गंज नाही. स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की आट्यांवरचा पातळ संरक्षक थर निघतो आणि धातू धातूला चिकटतो. तुटलेल्या बोल्टाचे आटे भिंगाने बघा: शिखरं चिरडलेली आणि दोऱ्यासारखी ओढलेली दिसतील. एकदा सुरू झालं की जोर लावल्याने वाढतच जातं. अशा वेळी अर्धा फेरा मागे, पाव फेरा पुढे, भेदक तेल, असं करत बघा. पॉवर पाना तर अजिबात नको. तो वेगाने फिरवतो आणि उष्णतेने चिकटणं लवकर होतं.

उपाय म्हणजे नट आणि बोल्ट वेगळ्या धातूंचे ठेवणं. स्टेनलेसच्या स्टडवर तांब्याचा मुलामा असलेला पोलादी लॉकनट किंवा पितळी नट चालतो. शेपटाकडे साधा ८.८ प्रतीचा बोल्टही चांगला, दोन वर्षांनी बदलायचा असं धरून. नायलॉनचं कडं असलेला नट एक्झॉस्टवर लावू नका. ते कडं साधारण १२० अंशांच्या पुढे टिकत नाही. साधा स्प्रिंग वायसरही गरम टोकाला आपला ताण गमावतो. जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट मॅनिफोल्डजवळच्या लालभडक स्टेनलेसला लावू नयेत. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ते वितळलेलं जस्त स्टेनलेसच्या कणांमधून शिरून त्याला ठिसूळ करतं.

आट्यांना निकेलचं अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, थोडंसं, आट्यांच्या तळात दिसेल इतकं. ते लावलं की त्याच टॉर्कला बोल्टावर जास्त ताण येतो, म्हणून टॉर्क कमी करा. ८.८ प्रतीचा एम ८ बोल्ट कोरडा २५ न्यूटन-मीटरपर्यंत कसतात. अँटीसीझ लावून १८ ते २० पुरे. एम १० असेल तर ३५ च्या आसपास.

बोल्ट गरम होऊन गार झाल्यावर ढिले पडत असतील, तर त्याचंही कारण धातूच. १० मिमीचे दोन ३०४ फ्लँज ४०० अंशांनी तापले की पोलादी बोल्टापेक्षा ०.०३ ते ०.०४ मिमी जास्त फुगतात. आकडा नगण्य वाटेल, पण २० मिमी लांबीच्या बोल्टाला तेवढंच ताणून कायमचं लांब करायला पुरेसं आहे. गार झाल्यावर तो ढिला. त्यावर सोपा इलाज आहे: बोल्ट २० मिमी लांब घ्या आणि नटाखाली तेवढीच जाड पोलादी नळी घाला. तीच वाढ आता दुप्पट लांबीवर पसरते आणि बोल्ट लवचीक मर्यादेत राहण्याची शक्यता खूप वाढते.

प्रश्न: माझ्या गाडीचं इंजिन आडवं आहे, पुढची चाकं ओढतात. डाउनपाइपच्या (इंजिनकडून खाली उतरणाऱ्या पाइपाच्या) खालचं सपाट गॅस्केट वर्षात दोनदा फुटतं. महाग गॅस्केट घेऊनही तेच. तिथे व्ही-बँड लावला तर?

उत्तर: व्ही-बँड लावलात तर गॅस्केटऐवजी वेल्ड फुटेल. आडवं इंजिन गिअर टाकून गाडी ओढताना मागे-पुढे डोलतं, त्याच्याबरोबर डाउनपाइपचं खालचं टोक काही मिलिमीटर झुलतं. सपाट जोड ती हालचाल सोसत नाही. म्हणूनच अशा जागी गोल बैठकीचा जोड असतो: एका बाजूला वाटी, मध्ये डोनटसारखं गॅस्केट, आणि स्प्रिंग घातलेले दोन बोल्ट. तो काही अंश वाकतो आणि तरी सील राहतो. त्याचे बोल्ट खांद्याचे असतात. खांदा टेकला की थांबायचं. साधे बोल्ट घालून स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकेपर्यंत आवळले, तर तो जोडही ताठर झाला. स्प्रिंग निळसर-तपकिरी होऊन आखूड झाल्या असतील तर गॅस्केटबरोबर त्याही बदला.

दुसरा मार्ग, जाळीदार लवचीक तुकडा घालून त्याच्या मागे व्ही-बँड लावायचा. टर्बोच्या गाड्यांत हाच बरा, कारण स्प्रिंगचा जोड जास्त दाबाला उघडतो. लवचीक तुकडा वाकणं सोसतो, पीळ आणि लोंबतं वजन सोसत नाही. त्याच्या लगेच मागे हँगर लावा, आणि एक्झॉस्ट उतरवताना त्याला लटकत ठेवू नका, खाली लाकडाचा ठोकळा द्या. इंजिनचे माउंटिंगही तपासा. रबर फाटलं असेल तर कुठलाच जोड टिकणार नाही.

गॅस्केटच्या प्रकाराबद्दल थोडं. ग्राफाइटचं गॅस्केट उत्तम बसतं, पण हवेशी संपर्क असलेल्या कडेला ४५०-५०० अंशांच्या पुढे ते हळूहळू जळून जातं. त्याहून गरम जागी उठावदार कडांचं अनेक पदरी पोलादी गॅस्केट किंवा अभ्रकाचं. एक्झॉस्टची पेस्ट झटपट उतरणाऱ्या जोडात नको. ती दगडासारखी होते, आणि पुढच्या वेळी चेहरा खरवडण्यातच वेळ जातो.

प्रश्न: एक पाइप दुसऱ्यात घालून यू-बोल्टचा क्लँप लावला तर काय बिघडतं? सर्वांत स्वस्त पडतं.

उत्तर: जोडायला स्वस्त, उतरवायला नाही. यू-बोल्ट बाहेरच्या पाइपाला दाबतो तेव्हा आतल्या पाइपालाही खड्डा पडतो आणि दोघे एकमेकांत अडकतात. मग छिन्नी किंवा ग्राइंडर. त्याऐवजी रुंद सपाट पट्टीचा क्लँप घ्या, तो भोवताली सारखा दाबतो. आतला पाइप ४०-५० मिमी आत जाऊ द्या आणि बाहेरच्या पाइपाला समोरासमोर दोन बारीक चिरा द्या. चिरा आतल्या पाइपाच्या टोकापर्यंत पोचू नयेत, नाहीतर तिथूनच गळेल. इंजिनकडचा पाइप नेहमी आत आणि शेपटाकडचा बाहेर, म्हणजे वायू जोडाच्या फटीकडे न जाता पुढे निघून जातो.

प्रश्न: थंडीत गाडी सुरू केल्यावर टिकटिक आवाज येतो, पाच मिनिटांनी थांबतो. पेट्रोलही जास्त लागतंय. गळती कुठे आहे ते कसं शोधायचं?

उत्तर: गार असताना फट उघडी आणि तापून फुगल्यावर बंद, हे गळतीचंच लक्षण. पेट्रोलचा संबंध असा: गळती ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या, एक्झॉस्टमध्ये बसवलेल्या सेन्सरच्या) आधी असेल, तर वायूच्या दोन ठोक्यांमधल्या पोकळीत त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो, तो मिश्रण पातळ आहे असं कळवतो आणि कॉम्प्युटर इंधन वाढवतो.

इंजिन बंद आणि गार असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू शेपटाच्या नळीला लावा, भोवती कापड गुंडाळा. साबणाचं पाणी फवारणीच्या बाटलीत घेऊन एकेका जोडावर मारत पुढे जा. फसफसून फेस आला तिथे फट. अगदी बारीक बुडबुडे सरकत्या जोडावर आले तर शेपटाकडे सोडून देता येतील. सेन्सरच्या आधी नाही, आणि गाडीच्या तळातल्या कुठल्याही भोकाजवळ किंवा मागच्या दारापाशीही नाही. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीत बसून डोकं जड होत असेल, तर गाडी आधी उभी करा, काचा उघडा, आणि गळती बंद केल्याशिवाय चालवू नका.

जोड नवा असेल तर पहिल्यांदा तापून पूर्ण गार झाल्यावर आणि पुन्हा साधारण १०० किलोमीटरनंतर नट तपासा. गरम असताना आवळू नका. आटे तेव्हा सर्वांत नरम असतात आणि गार झाल्यावर ताण किती उरेल ते पान्यावर कळत नाही.